आरोपी: हार्ड डिस्क

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रासमोर रांग असते. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारणपणे 31 जुलैची. पुढे मुदतवाढ मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिच्या भरवशावर रांग सोडण्याइतका विश्वास कोणाचाच कोणावर नसतो. सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोयाबीनवाले आणि कपाशीवाले उभे असतात, आणि नेमक्या अशा वेळी पडदा काळा होतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटते: रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. केंद्रचालक कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करतो. मग दुसऱ्यांदा तेच करतो, फक्त बटण जरा जोरात दाबतो. आणि मग निकाल जाहीर होतो: "हार्ड डिस्क उडाली." रांगेला तो लगेच पटतो. "उडाली का? मंग आता जालन्यालाच न्यावं लागंल." तुम्हाला कसं कळलं, एवढा एकच प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. पंचनामा नाही, साक्ष नाही, जबाब नाही; गुन्हा आणि शिक्षा दोन्ही एका वाक्यात उरकलेले असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पडद्यावरच्या त्या ओळीत हार्ड डिस्कवर कसलाही आरोप नसतो. मदरबोर्डने हाक मारली, कोणी ओ दिली नाही, इतकंच ती सांगते. ओ न देण्याची कारणं अनेक. हाक मारणारा आणि ज्याला हाक मारली तो, यांच्यामध्ये एक डेटा केबल असते, एक वीजपुरवठ्याची वायर असते, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात, मागे वीज पुरवणारा एसएमपीएस असतो आणि हाक कुठल्या दिशेला मारायची हे ठरवणारं बायोस असतं. या सगळ्यांत सर्वांत महाग आणि ज्याच्या पोटात लोकांचे कागद आहेत अशी वस्तू एकच, ती म्हणजे डिस्क. आणि संशयाची पहिली सुई तिच्याकडेच वळते. शंभराच्या आतबाहेर मिळणारी केबल मात्र निर्दोष सुटते. सुटते कसली, तिला कोणी चौकशीलाही बोलावत नाही.

ती केबल एकदा हातात घेऊन पाहावी. बोटभर रुंदीची, बहुतेक वेळा लाल, चपटी पट्टी. टोकाला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच, म्हणजे उलटी बसू नये. आत सात पितळी रेघा. त्यांतल्या तीन निव्वळ जमिनीच्या, उरलेल्या चारांतली एक जोडी बोलायला आणि एक ऐकायला. या चार रेघांवरून सेकंदाला सहा अब्ज बिटांच्या वेगाने सगळ्या गावाचे सातबारे ये-जा करतात. शेजारी पंधरा पिनांचा वीजपुरवठ्याचा कनेक्टर असतो. 2003 साली या साटा जोडणीचं मानक आलं तेव्हा आधीच्या चाळीस पिनांच्या रुंद पट्ट्यांपासून सुटका झाली, जंपर बदलून मास्टर-स्लेव्ह ठरवण्याची कटकटही गेली. पण सुरुवातीच्या केबलींना पकड नव्हती. नुसत्या घर्षणावर बसायच्या आणि नुसत्या धक्क्याने निघायच्या. धातूची चाप असलेल्या केबली नंतर आल्या. शिवाय कॅबिनेटच्या आतला हा कनेक्टर मानकाप्रमाणे फक्त 50 वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेला आहे. पन्नास म्हणजे काहीच नाही. ज्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची डिस्क एकाच चाचणी केबलला लावून पाहतात, तिथली केबल महिन्या-दोन महिन्यांत निवृत्तीच्या वयाला पोचते. तिला निवृत्त मात्र कोणी करत नाही.

आता हा कॅबिनेट जाफराबादेत ठेवा. मे महिन्यात चाळिशी ओलांडणारं ऊन, वर पत्रा, दिवसभर तापायचं आणि रात्री गार व्हायचं. या फुगण्या-आकसण्यात कनेक्टर आपल्या जागेवरून केसाकेसाने सरकतात. टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूला रोज सकाळी झाडू लागतो, दिवसभर बसणाऱ्याचा गुडघा लागतो, आणि रांगेतलं एखादं पोर त्यावर पाय देऊन वर चढून पडद्यावर आपल्या बापाचं नाव शोधतं. मागचा पंखा रस्त्याची धूळ इमानाने आत ओढत असतो. भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नसतं, किंवा असलं तरी वायरची तिसरी पिन मोडलेली असते. त्यामुळे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. त्यावर आपल्याकडचा सर्वमान्य तोडगा म्हणजे चप्पल घालून बसणे. दिवसातून वीज किती वेळा जाईल आणि आली तर किती दाबाने येईल याचं वेळापत्रक कोणाकडेच नाही. इतक्या परिस्थितीत मधला सांधा ढिला होण्याचे प्रसंग किती आणि आतली सीलबंद डिस्क मरण्याचे किती, याचा विचार केला तर संशय आधी कोणावर घ्यावा हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

यात मौज अशी की डिस्क स्वतःच साक्ष द्यायला तयार असते, फक्त तिला कोणी विचारत नाही. प्रत्येक डिस्कच्या पोटात स्मार्ट नावाची रोजनिशी असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकटच्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. अर्थात त्यासाठी डिस्क अधूनमधून तरी दिसत असली पाहिजे, किंवा दुसऱ्या केबलने दुसऱ्या मशीनला लावली पाहिजे. पण तेवढ्यानेही अर्धा खटला निकालात निघतो. त्या रोजनिशीत पाचव्या क्रमांकाची नोंद खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची असते, 197 क्रमांकाची नोंद वाचता न आल्याने टांगणीला लागलेल्या सेक्टरांची, आणि 199 क्रमांकाची नोंद सीआरसी चुकांची. पाच आणि 197 ही डिस्कची स्वतःची दुखणी. 199 मात्र वाटेतलं दुखणं. माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पाठवणारा एक ताळा पाठवतो, घेणारा तोच ताळा पुन्हा मांडून बघतो. जुळला नाही तर तुकडा परत मागवतो आणि वहीत एक रेघ ओढतो. म्हणजे डिस्क लिहून ठेवते की माल माझ्या दारातून नीट निघाला, रस्त्यात सांडला. हा आकडा वाढत असेल तर केबल बदलायची. बदलल्यावर तो कमी होत नाही, हे लक्षात ठेवावं. जुन्या चुका ती विसरत नाही. फक्त पुढे वाढायचा थांबला की समजायचं, नेमका आरोपी सापडला.

परत मागवण्याच्या या सोयीमुळेच खराब केबल एकदम मरत नाही, आधी मशीन हळू करते. विंडोज एक्सपीच्या काळात तर अशा चुका एकूण सहा जमल्या की विंडोज डिस्कचा वेग एक पायरी खाली आणायची, पुन्हा सहा जमल्या की आणखी एक, असं करत करत शेवटी पीआयओ नावाच्या बैलगाडीच्या चालीवर आणून सोडायची. बिचारा मालक म्हणायचा व्हायरस आला. अँटिव्हायरस टाकला जायचा, आणि त्या ओझ्याने मशीन आणखी हळू व्हायचं. मग फॉरमॅट. फॉरमॅट करून नवी विंडोज टाकली की वेगाची पायरी आपोआप पुन्हा वर यायची, आठ-पंधरा दिवस सगळं झकास चालायचं, आणि फॉरमॅट हा रामबाण उपाय असल्याचा आणखी एक पुरावा तालुक्याच्या खात्यावर जमा व्हायचा. चुकीच्या उपायाला तात्पुरतं यश मिळालं की तो शास्त्र होतो. आपल्याकडे फॉरमॅटचं जे शास्त्र झालं आहे ते असंच.

सेलची गोष्ट तर याहून नामी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, तीन व्होल्टचा सीआर 2032 सेल असतो. मशीन बंद असताना बायोसच्या आठवणी तो जपतो. वायर प्लगमध्ये आणि बटण चालू असेल तर त्याला फारसं काम पडत नाही; पण रात्री जाताना बोर्डाचं मुख्य बटण बंद करण्याची आपली काटकसरी सवय आणि वर लोडशेडिंग, यामुळे तो लवकर थकतो. थकला की बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जातं. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, एएचसीआय की आयडीई, तेही विसरतं, आणि विंडोज अर्ध्या वाटेत निळा पडदा दाखवून बसते. निकाल: हार्ड डिस्क उडाली. कधी विंडोज चालू होतेही, पण तारीख दहा-बारा वर्षं मागची. मग सरकारी संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या मशीनच्या मते अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून पान उघडत नाही. निकाल: सर्व्हर डाऊन. रांग शासनाला चार शब्द ऐकवून घरी जाते. शासनाला ते शब्द इतर कारणांसाठी लागू पडतात हे मान्य करूनही, या प्रकरणात ते निर्दोष होतं असं नाइलाजाने म्हणावं लागतं. आणि कधी कधी तर तेवढंही नसतं. कोणी पासपोर्ट फोटो काढायला दिलेला पेनड्राइव्ह तसाच लावलेला राहतो, मशीन त्यातून चालू व्हायला बघतं, आणि त्यात लग्नाच्या फोटोंशिवाय काही नसल्यामुळे सिस्टिम डिस्क घाला म्हणून अडून बसतं.

सांगणाऱ्याच्या शब्दावर न जाता दोन टोकांमधला सांधा शोधावा, ही गोष्ट केळणेच्या काठाला नवी नाही. जाफराबाद वसलं आहे केळणा आणि धामणेच्या संगमावर. त्याच केळणेच्या काठी, इथून थोड्याच अंतरावर असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे आर्थर वेलस्ली शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. वाटाडे म्हणत होते, नदीला इथे दुसरा उतार नाही. जो आहे तो थेट मराठ्यांच्या तोफांसमोर. वेलस्लीने पाहिलं की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर वसली आहेत. दोन गावं इतकी जवळ असतील तर त्यांच्यात ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणार. माणूस पाठवून पाहिलं, उतार निघाला. पुढचा इतिहास आपल्याला सोयीचा नाही, म्हणून इथेच थांबतो. पण दोन टोकं शाबूत दिसतात आणि मधली वाट नाही असं कोणी छातीठोक सांगतं, तेव्हा त्या वाटेवर स्वतः जाऊन पाहावं, हे त्याच नदीवर सिद्ध झालेलं आहे. दोनशेवर वर्षांनी त्याच काठावर आपण बायोस नावाच्या वाटाड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

यावर पहिला आक्षेप असा की आपली माणसं अडाणी आहेत, त्यांना यंत्रातलं कळत नाही. हे साफ खोटं. याच रांगेतल्या कुठल्याही शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर पाणी ओढेना, तर तो मोटर जळाली असं म्हणत नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन जातो, आधी फेज आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबलचा सांधा, मग फुटव्हॉल्व्ह. आणि सगळं संपल्यावरच मोटरीवर येतो. हा क्रम त्याला कोणत्याही कोर्सने शिकवलेला नाही. मग हाच माणूस, किंवा त्याचाच मुलगा, कॉम्प्युटरसमोर बसला की थेट मोटरीवर का येतो? कारण विहिरीतून मोटर वर काढायला चार माणसं, दोर, चेनपुली आणि अर्धा दिवस लागतो. डिस्क फॉरमॅट करायला एक बोट लागतं. आपण तपासणीचा क्रम शक्यतेवर ठरवत नाही, आपल्या कष्टांवर ठरवतो. ज्यात आपला घाम कमी तो उपाय आधी, मग त्यात दुसऱ्याचं किती जातं हे बघायला नको. 1956 साली आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिच्यात 50 तबकड्या होत्या, पन्नास लाख अक्षरं मावत, आणि वजन जवळपास एक टन होतं. ती बिघडल्यावर "बदलून टाका हो" असं कोणी सहज म्हणालं असेल असं वाटत नाही. डिस्क जसजशी हलकी झाली तसतसा तिच्यावरचा आरोप सोपा झाला.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: डिस्क खरोखरही मरतात. मरतात, यात वादच नाही. आत मिनिटाला 7200 फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगणारं वाचनाचं टोक, असा संसार टिकतो हेच नवल. आतून टक्-टक् असा ठराविक तालात आवाज यायला लागला, पाच आणि 197 चे आकडे चढायला लागले, तर समजावं की घटका भरत आली. पण इथेही आधी केबल बघा हा सल्ला चुकत नाही, उलट तेव्हाच त्याची किंमत कळते. एक तर तोच टकटकाट कमकुवत एसएमपीएसमुळेही होतो; पिवळ्या वायरीतून येणारे बारा व्होल्ट सुरुवातीच्या झटक्याला कमी पडले की मोटर उचलत नाही आणि डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. आणि दुसरं, डिस्क खरीच मरणाला टेकली असेल तर तिच्यावर फॉरमॅट किंवा चेकडिस्क चालवणं म्हणजे शेवटचे श्वास हिशेब तपासण्यात घालवणं. त्या वेळी एकच काम करायचं असतं, जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. केबल काढून पुन्हा बसवल्याने जिवंत डिस्कचं काही बिघडत नाही आणि मेलेलीचंही नाही. फॉरमॅटने दोघींचंही बिघडतं. घरच्या फ्रिजमध्ये डिस्क गोठवून काढण्याचा जो उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओंतून फिरतो, त्याबद्दल एवढंच सांगतो की बाहेर काढल्यावर तिला दव धरतं, आणि तबकडीवर पाण्याचा थेंब म्हणजे त्या नॅनोमीटरांच्या हिशेबात अख्खं धरण.

तिसरा आक्षेप वेळेचा. रांग उभी आहे, कॅबिनेट कधी उघडत बसायचं? आता हिशेब मांडू. मशीन बंद करून प्लग काढायचा, बाजूचे दोन स्क्रू, पत्रा सरकवायचा, दोन्ही टोकांच्या केबली काढून पुन्हा दाबून बसवायच्या, वीजपुरवठ्यासाठी दुसरा कनेक्टर लावून बघायचा, डेटासाठी मदरबोर्डवरचं दुसरं तोंड. रांगेतल्या माणसांचा चहा होईपर्यंत हे उरकतं. याउलट फॉरमॅट म्हटलं की विंडोज, तिच्यामागे प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचा डोंगल, मराठी टायपिंगचे फॉन्ट. आणि हे सगळं झाल्यावर लक्षात येतं की लोकांचे स्कॅन केलेले कागद डी ड्राइव्हवर नव्हे, डेस्कटॉपवर होते. तोवर मुदतवाढीचीही मुदत संपलेली असते.

चौथा आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही, कारण तो पैशांचा आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅटचे मला पैसे मिळतात, नव्या डिस्कवर दोन पैसे सुटतात, केबल दाबून बसवली तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच तर होतं, याचे कसले पैसे भाऊ?" हे अगदी खरं आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, घालवलेल्या वेळेचेही कुरकुरत देतो, पण नेमकं कुठे बिघडलं हे ओळखण्याचे द्यायला आपला हात खिशाकडे जात नाही. त्यामुळे प्रामाणिक माणसापुढे दोनच वाटा उरतात: फुकट खरं बोलावं, किंवा हार्ड डिस्क उडाली म्हणून पोट भरावं. म्हणून दुकानावर सरळ पाटी हवी की उघडून पाहण्याचे पन्नास रुपये, काही निघालं नाही तरी. सुरुवातीला लोक पाटी वाचून हसतील. नंतर ज्यांचा डेटा वाचेल ते पैसे देतील, तरीही हसत हसतच देतील, आणि सुट्टे नाहीत म्हणून चाळीसच देतील. पण चाळीस रुपयांत खरं बोलायची सवय लागत असेल तर सौदा वाईट नाही.

राहता राहिला एसएसडीचा युक्तिवाद: आता फिरणाऱ्या डिस्का गेल्या, त्यांच्याबरोबर ही भानगडही गेली. गेली नाही. अडीच इंची साटा एसएसडी त्याच सात रेघांच्या केबलीवर चालते; फरक इतकाच की ती वजनाला हलकी असल्यामुळे तिला स्क्रूने बसवण्याची गरज कोणाला वाटत नाही. ती कॅबिनेटमध्ये केबलीलाच लोंबकळत असते, फार तर सेलोटेप लावलेला असतो, आणि उन्हाळ्यात सेलोटेपचा डिंक सुटला की ती सांध्यासकट खाली झुलते. शिवाय ती मरताना टक्-टक्ही करत नाही, त्यामुळे निकाल देणाऱ्याला आवाज ऐकून विचारात पडण्याची तेवढीही सक्ती उरत नाही. आणि जुन्या मशीनमध्ये नवी एसएसडी टाकताना केबल मात्र जुनीच राहते, कारण "ती तर चालू होती." बदललीच, तर काढलेली केबल फेकली जात नाही. ती दुकानाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, तिच्यासारख्याच पंधरा-वीस लाल केबलींच्या गुंत्यात जाऊन पडते. त्या गुंत्यात चांगली कोणती आणि गुन्हेगार कोणती हे दिसण्यावरून सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात टेंभुर्णीचं कोणी मशीन घेऊन येतं, त्याची केबल कमी पडते, हात ड्रॉवरमध्ये जातो, आणि तीच नेमकी बाहेर येते. म्हणून खराब निघालेली केबल काढल्या काढल्या, गिऱ्हाइकासमोर, कात्रीने मधोमध कापून टाकावी.